तीन मिनिटांचा बैल

सरका, मंडळी, जरा जवळ सरका. आज एका मुलीची गोष्ट ऐका. गोड आहे, पण घशाशी थोडी अडकेल.

किन्हवलीच्या झेरॉक्सच्या दुकानात रंजिता एकटीच बसायची. गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर शिकून शिकून गेम बनवायची. तिनं भाताच्या चिखलणीचा गेम केला होता. एका जुवाला दोन बैल, दोघांनी दोन फोनवरून हाकायचे. पावलं जुळली तरच नांगर पुढं. जोडीदार कुणी नव्हता, म्हणून दोन्ही फोन मांडीवर घेऊन ती एकटीच हाकायची.

एकदा म्हसा गावचा हरेश दाखल्याची झेरॉक्स काढायला आला आणि काउंटरवर वाकून बघतच राहिला.

"दोन्ही बैल तुमीच?"

"मग? तुमी हाकताय का?"

"द्या की. पण हसायचं नाय."

हसू नको तर काय! त्याचा बैल कायम अर्धं पाऊल मागं.

"घरचे बैल कसे हाकता हो?"

"ते माझं ऐकतात. हा मालकिणीकडं बघत बसतो..."

तिनं मान खाली घातली आणि गेम त्याच्या फोनात घालून दिला. नंबर मात्र — ना त्यानं मागितला, ना तिनं दिला.

रोज देवापुढं दिवा लावून झाला, की सात वाजता दोघं आपापल्या गावी खेळायला बसत. तो मागं राहायचा, ती थांबायची, तो गाठायचा. एवढंच बोलणं.

एका संध्याकाळी तो आलाच नाही. चिखलात नुसता उभा राहिलेला तो बैल रंजिताला बघवेना. दुसऱ्या दिवशी तिनं गेममध्ये भर घातली, ती दोघांच्याही फोनात आपोआप गेली — जोडीदार तीन मिनिटांत आला नाही, तर त्याचा बैल गेमनंच चालवायचा.

तेव्हापासून शेजारचा बैल बिनचूक चालू लागला. एक पाऊल चुकेना. तोच असेल, असं ती मनाला सांगायची. तपासायचा धीर नव्हता. पंधरा दिवस तिला हसू मात्र आलं नाही.

मग हरेश दुकानात आला. खांद्याला बॅग.

"नाशकाला चाललो. काम लागलं. म्हटलं, सांगून जावं... तुमाला आता माझी गरज नाय."

"कोण म्हणालं?"

"तुमचा बैल. आदी थांबायचा माझ्यासाठी. आता मागं बघत पण नाय."

रंजिताचा हात मशीनवर तसाच राहिला. "तुमी रोज येत होता?"

"रोज. तो एक दिवस रेंजच नव्हती. एरवी आमच्याकडं रेंज धरायला पाच मिनिटं लागतात, एवढंच."

पाच! आणि तिनं ठेवली होती तीन. तो पोचायच्या आत तिच्या फोनात त्याचा बैल गेमनं धरलेला असायचा, मग त्याच्या फोनातही तिचा बैल गेमच चालवायचा. पंधरा दिवस दोघं सातच्या ठोक्याला बसली, आणि दोघंही यंत्रासंगं नांगरत राहिली.

"ती मी नव्हते," ती म्हणाली. मग अगदी हळू, "आणि तो तुमी नव्हता... मला कळत होतं. तुमचं ते मागं राहणंच हवंय मला."

हरेशचे कान लाल झाले. बाहेर एसटी हॉर्न देत होती.

"मग ती तीन मिनिटं काढून टाका," तो पायरीवरून म्हणाला. "तिकडं सातला सुटी नाय होणार. उशीर होईल."

"बैल थांबेल."

"मी बैलाला नाय विचारलं."

"...थांबेन."

तिनं त्याच दुपारी ती भर पुसून टाकली. आता संध्याकाळी दोन्ही बैल चिखलात उभे असतात. कधी आठ वाजतात, कधी नऊ. कधी तो येतच नाही.

दिवेलागणीला हात जोडाल ना, मंडळी, तेव्हा आपल्या माणसांचं मागून झालं, की किन्हवलीच्या रंजिताचीही आठवण ठेवा.