मोकळं नाव

भरदुपारची गोष्ट आहे. भुताला अमावास्याच लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी इथूनच मागं फिरावं आणि घरी जाऊन तुरीची डाळ निवडायला मदत करावी. मी झुलाल, अमळनेरजवळच्या खेड्यातला. चौथी पास, तीही मास्तर कंटाळले म्हणून. विहिरीच्या काठावर पांढरं धोतर डोक्यावरून घेऊन उभं राहायचं आणि सरपंच चप्पल टाकून पळाला की ती चप्पल सकाळी सभ्यपणे त्याच्या घरी पोचवायची, हा माझा छंद. भूत कसं करतात ते मला पक्कं ठाऊक आहे. पण जे मी केलंच नाही ते कसं झालं, हे काही केल्या कळत नाही. तुम्ही शिकलेले आहात. बघा, तुम्हाला उलगडतंय का.

नातीला तपासणीसाठी धुळ्याला न्यायचं होतं, एवढंच काम. नात म्हणजे मोहिनी, माझा मुलगा प्रेमराज आणि सून रत्ना यांची. वय अकरा. शेवग्याच्या झाडावरून पडली. शेवग्याची फांदी ती, माझ्या शब्दाइतकीच भरवशाची. डोक्याला टेंगूळ आलं म्हणून जळगावला एमआरआय काढला. मार काही लागला नव्हता. पण मेंदूच्या फोटोत पांढरे डाग निघाले, ज्वारीच्या दाण्यांसारखे. पोरगी खाते, पळते, मला तोंडावर लबाड म्हणते. कुठं दुखत नाही, खुपत नाही. पडली नसती तर ते डाग कुणाला दिसलेही नसते.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई समजुतीच्या. म्हणाल्या, "आबा, मेंदूतल्या वायरींवर एक वेष्टन असतं. शरीराचेच शिपाई कधी कधी चुकून ते खरवडतात. त्या आजारात असे डाग दिसतात. पण मुलीला त्रास काहीच नाही. त्यामुळे आजार आहे असंही म्हणता येत नाही, आणि नाही असंही."

"म्हणजे तुमचं आमच्या तलाठ्यासारखं," मी म्हणालो.

बाई हसल्या. रत्ना हसली नाही. "अन् निघाला तर?" तिनं विचारलं.

"तर पुढं कधी नजर जाते, कधी पाय लुळे पडतात. औषधं वर्षानुवर्षं चालतात. म्हणून आधी नीट बघू. मेंदूचा फोटो पुन्हा, सोबत मणक्याचा, आणि डोळ्यांची तपासणी. शंका राहिली तर पाठीत सुई घालून पाणी काढावं लागेल."

सुई म्हटल्यावर मोहिनीनं माझं बोट धरलं. आणि मला अक्कल सुचली.

आमच्याकडं एक रीत आहे. घरात मूल जगलं नाही की पुढच्याला सुपात घालतात, दाराबाहेर ठेवतात, आणि नाव ठेवतात सुपडू, लोटन, असलं काहीतरी. न्यायला येणाऱ्याला वाटावं की हे टाकलेलं पोर, याला काय न्यायचं. मोहिनीच्या आधी रत्नाला एक मुलगी झाली होती. पाचवीची पूजा व्हायच्या आत गेली. बारसं नाही, नाव नाही. मोहिनीच्या वेळी रत्ना हट्टाला पेटली, सूप नको आणि सुपडी नको, चांगलं नाव ठेवीन. ठेवलं. माझ्या मनात मात्र ते तेव्हापासून राहूनच गेलं होतं.

तपासणीच्या खिडकीवर मी नाव सांगितलं, "सुपडी प्रेमराज."

"जुन्या फोटोवर तर मोहिनी आहे."

"ते शाळेतलं. आधार घरी राहिलं, साहेब."

रत्नानं माझी बाही ओढली. "आबा, हाई कसाले?"

"जो शोधी ऱ्हायना, त्याले सापडाले नको," मी डोळा मारला. फसवणूक माझ्या हातची, ती फसणार कशी?

बाकड्यावर बसलो. फिनेलचा वास, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, बाहेर रसवंतीची घुंगरं. सुनिता नावाची सिस्टर दारात आली. "सुपडी प्रेमराज!"

मोहिनीला नवीन नावाची सवय नव्हती. ती माझ्याकडं बघून फिदीफिदी हसायला लागली. ती उठायच्या आतच सिस्टरच्या पाठीमागून, आतल्या खोलीतून आवाज आला.

"हं."

लहान मुलीचा आवाज. फार वेळ वाट बघितल्यावर नंबर लागावा तसा.

सिस्टर आत जाऊन बघून आली. खोली रिकामी. रत्नानं माझ्याकडं पाहिलं, मोहिनीनं पाहिलं, शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनंही पाहिलं. "मी नाही," मी म्हणालो. माझं कोण ऐकणार?

डोळ्यांच्या तपासणीला मला आत बसू दिलं. पडदे लावलेले, दिवा विझवलेला. मोहिनीच्या केसांत चिकट मलम लावून वायरी बसवल्या. समोरच्या पडद्यावर काळे-पांढरे चौकोन, आणि ते सारखे जागा बदलतात. काळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा काळा. डोळ्यांनी पाहिलं की मेंदू उत्तर देतो आणि बाजूच्या स्क्रीनवर लाट उठते. उत्तराला उशीर झाला तर वायर खरवडलेली. आधी डावा डोळा झाकून पाहिलं, मग उजवा. मला राहवलं नाही.

"सिस्टर, दोन्ही झाकले तर?"

"तर रेघ सपाट येणार, आबा."

"दाखवा तरी."

तिनं हसत दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या लावल्या. पडद्यावर चौकोन बदलत राहिले. आणि बाजूच्या स्क्रीनवर लाट उठली... पुन्हा उठली. एका तालात, ठसठशीत, आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा मोठी.

सिस्टरनं वायरी दाबून पाहिल्या, पट्ट्या चाचपल्या. लाट उठतच होती.

"मोहिनी," मी हळूच म्हणालो, "तुले दिसी ऱ्हायनं का?"

"नही, आबा." पट्ट्यांखाली तिचं तोंड हसरं होतं. "ती देखी ऱ्हायनी."

सिस्टरनं मशीन बंद केलं. वायर सैल असेल, म्हणाली. वायर सैल असली तर रेघ वाकडीतिकडी येते की तालात, हे मला विचारायचं होतं. पण तिनं मोहिनीच्या केसांतलं मलम पुसून आम्हाला बाहेर काढलंही.

मग एमआरआय झाला. त्या नळीतून बाहेर आल्यावर मोहिनी एवढंच म्हणाली, "आत जागा पुरत नही, आबा. दाटीवाटी व्हस."

आठवड्यानं बाईंनी बोलावलं. त्यांनी दोन फोटो उजेडावर लावले, जळगावचा आणि धुळ्याचा. "हा धुळ्याचा स्वच्छ आहे. मेंदूत एकही डाग नाही."

रत्नानं हात जोडले. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता. "पण हा तुमच्या मुलीचा नाही. हे बघा, जबडा. जळगावच्या फोटोत मोहिनीच्या मागच्या दाढा अजून हिरडीत आहेत. इथं त्या पूर्ण वर आल्यात. ही मुलगी तेरा-चौदा वर्षांची आहे."

"फोटो बदलला असेल," मी म्हणालो.

"मीही तेच म्हटलं. पण त्या दिवशी दुसरी मुलगी मशीनमध्ये गेलीच नाही."

रत्नाची बोटं पदराआड हलत होती, ती वर्षं मोजत होती. मग तिची बोटं थांबली.

"बाई... ती बरी शे ना?"

"कोण?"

"फोटोतली."

"अगदी ठणठणीत," बाई गोंधळून म्हणाल्या.

रत्ना हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला मात्र खिडकीवरचं ते 'सुपडी' आठवलं. मी एक नाव मोकळं सोडलं होतं, बिनमालकाचं. आणि आमच्या घरात बिननावाचं कुणीतरी होतंच. न्यायला येणाऱ्याला चकवायला निघालो होतो मी. हाक पोचली भलतीकडंच.

बाईंना मी खरं नाव सांगितलं. सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या, या वेळी मोहिनीच्या नावानं. हाकेला आतून कुणी ओ दिली नाही. दोन्ही डोळ्यांची उत्तरं वेळेवर आली, मणका साफ निघाला. सुई तूर्त टळली. मेंदूतले डाग होते, तिथंच होते. फक्त जळगावच्या फोटोपेक्षा एक कमी.

"कधी कधी एखादा विरतो," बाई म्हणाल्या. "आजार म्हणायची घाई नको. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू."

बायकांना अर्धं तिकीट तेव्हा अजून झालं नव्हतं, म्हणून अमळनेरची एसटी निम्मी रिकामी होती. रत्ना पुढच्या बाकावर एकटी बसली, तिच्या मागं मी आणि मोहिनी. मोहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आबा, ती म्हने, दरखेपे एक डाग मी लिसू."

"कधी म्हने?"

"मशीनमा. आज बी व्हती."

म्हणजे दर खेपेला एक डाग ती घेणार. आणि सगळे संपले की? भीती होतीच, पण खाज त्याहून मोठी. "अन् बठ्ठा डाग सरनात का मंग?"

"तेच ती इचारे. बठ्ठा सरनात का घर कोन जाई, तू का मी?"

"तू काय सांगं?"

"मी सांगं, मायले इचारसू."

पुढच्या बाकावर रत्नाची मान ताठ झाली. तिनं ऐकलं होतं. पण मागं वळून पाहिलं नाही.

कंडक्टर आला. "अमळनेर," रत्ना म्हणाली. "तीन द्या."

मी पुढं वाकलो. "रत्ना, मनं वय पंच्याहत्तरवर गयं. माले एसटी फुकट शे. तू अन् मोहिनी, दोनच."

"माले माहीत शे, आबा."

ती खिडकीकडं सरकली आणि शेजारच्या जागेवरचा पदर उचलून घेतला. कंडक्टर मशीनची बटणं दाबत होता. त्यानं त्या जागेकडं पाहिलं, मग वळून मोहिनीकडं, मग पुन्हा त्या जागेकडं.

"लहानीचं अर्धं," तो म्हणाला. "अन् या मोठीला बारा पूर्ण झाली ना, अक्का?"