प्रतिबालकाने हात वर केला

बालवर्तन निदान केंद्राच्या प्रयोगशाळेत, मोठ्या पडद्यावर, एक मूल बाकावर बसलेले होते. त्याला चेहरा नव्हता. ती नुसती राखाडी आकृती होती. मात्र तिचे वय, उंची, वजन आणि नाडी बाहेरच्या खोलीत आत्याशेजारी बसलेल्या उल्का सातपुतेइतकीच ठेवली होती. केंद्रात या आकृतीला प्रतिबालक म्हणत.

"फाइल सरळ आहे, मॅडम," अभियंता टिपणीस म्हणाले. "अंतर शंभर. तुमची सही झाली की दुपारीच आवेगरोधक बसवतील."

डॉ. वत्सला हुद्दार यांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता. सोलापुरात बालमनोविकारांचे काम करण्यात त्यांचा जन्म गेला होता, तरी प्रत्येक सहीच्या आधी त्यांचे असेच होई. आवेगरोधक म्हणजे मानेच्या कातडीखाली बसवायची तांदळाएवढी कुपी. मनात उसळी आली की ती शरीरात पोहोचण्याआधीच कुपी तिला मंद करी. मूल मारत नसे, पळत नसे, ओरडत नसे. ते नीट जेवत असे आणि विचारले तेवढेच बोलत असे.

"शंभर मोजलेलं आहे की नियमानं दिलेलं?" त्यांनी विचारले.

"नियमानं. मुलीनं पट्टा काढून शाळेच्या टाकीत टाकला. पट्टा नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर शंभर धरायचे."

प्रत्येक शाळकरी मुलाच्या मनगटावर वर्तनपट्टा असे. तो नाडी, घाम, हालचाल आणि आवाजातला चढउतार टिपत राही. केंद्रातल्या परीक्षकांनाही तो बंधनकारक होता, कारण दुसऱ्याचे वर्तन तपासणाऱ्याचे स्वतःचे वर्तन ठीक हवे, असे कायदा सांगत होता. गेल्या वर्षी दुसऱ्या एका केंद्रातले गोसावी नावाचे परीक्षक लग्नाच्या पंगतीत मारामारी करून बसले. त्यांचे अंतर साठच्या वर गेले आणि त्याच क्षणी त्यांनी आजवर केलेली सगळी निदाने स्थगित झाली. फेरतपासणी होईपर्यंत त्या मुलांचे आवेगरोधक आपोआप बंद पडले. केंद्रातले लोक तो किस्सा अजून चहाबरोबर सांगत.

"नियम बाजूला ठेवा," डॉ. हुद्दार म्हणाल्या. "पट्टा टाकीत जाईपर्यंतची नोंद आहे ना? मला मोजून दाखवा."

"त्यानं काय फरक पडणार? तुम्ही सही केली नाहीत तर फाइल दुसऱ्या परीक्षकाकडे जाईल. तो संध्याकाळपर्यंत करेल."

"जाऊ दे. आधी मोजा."

टिपणीस यांनी खांदे उडवले. यंत्राविषयी बोलायची संधी मात्र ते सोडत नसत. "तत्त्व तुम्हाला माहीतच आहे. मूल वाईट वागलं, एवढ्यावरून वर्तनविकार ठरत नाही. परिस्थितीच तशी असेल तर कुठलंही मूल तसं वागेल. म्हणून आपण प्रतिबालकाला त्याच जागी, त्याच प्रसंगात ठेवतो. निरोगी मूल तिथं कसं वागेल ते बघतो. खरं मूल त्याच्यापेक्षा जितकं वेगळं वागलं, तितकं अंतर. साठच्या पुढं विकार. परिस्थिती वजा जाते, उरतो तो फक्त आजार."

"तत्त्व चांगलं आहे," डॉ. हुद्दार म्हणाल्या, आणि ते त्यांना मनापासून वाटत होते. वर्तनविकार खोटा नव्हता. कुत्र्याच्या पिल्लांना चटके देणारा मुलगा त्यांनी पाहिला होता. आईवर रोज हात उगारणारा पाहिला होता. त्यातल्या काहींच्या घरी त्या वर्षानुवर्षे गेल्या होत्या. आईबापांना बोलायला आणि मुलांना थांबायला शिकवले होते. काही सुधारले. काही नाही. कुठे चुकले ते त्यांना अजूनही नीट सांगता आले नसते. "प्रयोगशाळेतला प्रसंग लावा."

तो प्रसंग असा होता. रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत एक बाटली सांडली आणि क्लोरीनचा वास सुटला. बाईंनी सांगितले, जागेवर बसा, शिस्त मोडू नका, मी शिपायाला बोलावते. दार ओढून घेऊन त्या गेल्या. उल्काने स्टुलाने दाराची काच फोडली आणि वाटेत उभ्या असलेल्या वर्गप्रमुखाला ढकलले. त्याचा पुढचा दात पडला. मालमत्तेची नासधूस, मारहाण, आज्ञाभंग. एका प्रसंगात तीन लक्षणे.

पडद्यावर राखाडी मूल बाकावर बसले. खोलीत पिवळसर धूसरपणा पसरू लागला.

"बघा," टिपणीस म्हणाले. "शांत बसलंय. इथंच अंतर पडतं."

"वायू वाढवा."

"शाळेच्या अहवालात सौम्य वास म्हटलंय."

"तरी वाढवा."

प्रतिबालकाची नाडी वाढली. ते खोकले, आणि बसून राहिले.

"अजून."

टिपणीस यांची बोटे जरा हळू चालली. राखाडी डोके बाकावर टेकले. हात मात्र घडी घातलेलेच राहिले. मग नाडीची रेघ सपाट झाली.



"हे तुमचं निरोगी मूल?" डॉ. हुद्दार यांनी विचारले. "कोणत्या मुलांवरून बनवलंत हे?"

"शाळांकडून निरोगी वर्तनाची मुलं मागवली होती. त्यांनी पाठवली."

"कोणती पाठवली?"

"आदर्श विद्यार्थी पुरस्कारवाली. दुसरी कोणती पाठवणार?" बोलता बोलता टिपणीस यांचा आवाज खाली आला. "तेव्हा कुणालाच ते खटकलं नाही. समितीत आम्ही सगळे… मी स्वतः सातवीपर्यंत दरवर्षी आदर्श विद्यार्थी होतो."

"मीही. चौथीत कप मिळाला होता. आई त्यात सुया-दोरे ठेवायची. म्हणजे आपण प्रकृती मोजायला बसलो आणि आज्ञाधारकपणा मोजत राहिलो."

टिपणीस खुर्ची पुढे ओढून कामाला लागले. चूक दाखवल्यावर त्यांना राग येई, पण चूक तशीच ठेवणे त्याहून कठीण जाई. "जिल्ह्यातल्या सगळ्या मुलांच्या नोंदी आहेत माझ्याकडे. आदर्शबिदर्श काही नाही, सगळीच्या सगळी घेतो. गणिताला वेळ लागेल. तोवर तुम्ही मुलीशी बोलून घ्या."

बाहेरच्या खोलीत सुमनआत्या डब्यातली कडक भाकरी मोडून उल्काला देत होती आणि उल्का ती घेत नव्हती. आत्याचे पिको-फॉलचे दुकान होते. भाऊ-भावजय गेल्यावर त्यांची मुलगी तिनेच सांभाळली होती.

"डॉक्टरबाई, आमची पोरगी तिखट हाय, मी नाही म्हणत नाही," आत्या म्हणाली. "खोटं बोलती. माझ्याशीच बोलती. पण ते मानेतलं नका हो बसवू. आमच्या गल्लीत शेट्ट्याच्या पोराला बसवलंय. आई मेली तर रडला नाही त्यो. चहा ठेवू का, म्हणून विचारत होता सगळ्यांना."

डॉ. हुद्दार उल्कासमोर बसल्या. "दात पाडलास त्याचा."

"दारात उभा होता. बाईंनी सांगितलंय म्हणाला. खोकत होता आणि तरी सांगत होता." उल्काने नखाने टेबल खरवडले. "दात पडल्यावर बाहेर आला. माझ्या आधी."

"आणि पट्टा?"

"बाहेर आल्यावर तो वाजायला लागला. जागेवर जा, जागेवर जा. मग टाकला पाण्यात."

"फाइलीत आणखी एक आहे. पाचवीतल्या एका मुलीची वेणी कापलीस, तेव्हा तर वायू नव्हता."

आत्याने भाकरी डब्यात परत ठेवली.

"का कापलीस?"

"माहीत नाही."

"खरंच माहीत नाही?"

"रोज तिची आई घालून द्यायची. दोन पेडांची. रिबीन लावून." उल्काने मान वळवली. "माहीत नाही म्हटलं ना."

"बरं. ते शोधावं लागेल. तुला आणि मला, दोघींना मिळून. त्याला वेळ लागतो."

"कुपी बसवल्यावर लागणार नाही," उल्का म्हणाली. "तेव्हा मला खरंच काही माहीत नसेल."

डॉ. हुद्दार त्या दोघींना घेऊन आत आल्या. हे नियमात बसत नव्हते. आपल्या आकृतीला बघण्याचा हक्क मुलीला असावा, एवढेच त्यांना वाटले.

नवे प्रतिबालक बाकावर बसले होते. वायू पसरला. या वेळी ते लगेच खोकले, त्याने दाराकडे पाहिले आणि हात वर केला.

"हे काय करतंय?" उल्काने विचारले.

"परवानगी मागतंय," टिपणीस म्हणाले.

"कुणाकडं? बाई बाहेर आहेत."

प्रतिबालकाने हात वरच ठेवला. वायू वाढत गेला तसा तो थरथरू लागला, पण खाली आला नाही. आत्याने पदर तोंडाला लावला. शेवटी राखाडी आकृती बाकावर कलंडली. हात तेवढा उभा होता.

"अंतर बाहत्तर," टिपणीस म्हणाले. त्यांचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. "हे शक्य नाही. सगळी मुलं घेतलीत मी. खोडकर, भांडकुदळ, सगळी."

डॉ. हुद्दार पडद्याजवळ गेल्या. "सगळी म्हणजे ज्यांची नोंद आहे ती सगळी."

"अर्थात."

"नोंद कुणाची असते?"

"ज्यांच्या हातात पट्टा…" टिपणीस थांबले.

"पट्टा काढणारी मुलं यात कुठं आहेत?"

"कुठंच नाहीत. ती थेट शंभरात जातात. साधारण पाचातलं एक मूल." ते आता स्वतःशीच बोलत होते. "प्रतिबालकाला पट्टा काढावासा वाटूच शकत नाही. ज्यांनी तो ठेवला त्यांच्यापासूनच ते बनलंय."

"आणि त्या पाचव्या मुलाचं पुढं काय होतं?"

"आवेगरोधक बसतो. मग ते पट्टा घालतं. काढत नाही." टिपणीस यांनी दोन्ही हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले. "मग त्याची नोंद यायला लागते. मी आत्ता घेतलेल्या सगळ्या मुलांत ती आहेत, मॅडम. दरवर्षी जास्त. प्रतिबालक दरवर्षी आणखी शांत होत जाणार आणि बाकीच्यांचं अंतर आपोआप वाढत जाणार. कुणी काहीही न करता. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. दिवसभर 'का' विचारते. ती आठवीत जाईल तेव्हा साठच्या पुढं जायला तेवढं पुरेल."

"दुरुस्त करता येईल?"

"ज्यांची नोंदच नाही ती मुलं मी कुठून आणू? ज्यांना बसवलंय ते बंद झालं, आणि ती पुन्हा स्वतःसारखी वागली, तरच कळेल. पण ते बंद करायचा अधिकार कुणालाच नाही. निदान आहे तोवर ते चालू राहणार."

"तुम्ही सही करू नका म्हणजे झालं," आत्या म्हणाली.

"मी नाही केली तर दुसरं कुणी करेल, सुमनताई. आज संध्याकाळी."

डॉ. हुद्दार खुर्चीत बसल्या. त्यांच्या कारकिर्दीतली निदाने चार आकडी होती. त्यातली किती बरोबर होती? कुत्र्याच्या पिल्लांचा मुलगा बहुधा बरोबर होता. शेट्ट्यांचा मुलगा? त्यालाही त्यांनीच तपासले होते. त्याने पट्टा काढला होता, एवढेच आठवत होते. आपले चुकते आहे ही भीती त्यांना आयुष्यभर पुरली होती. आज पहिल्यांदाच ती कामाला येईल असे वाटले.

त्यांनी डाव्या मनगटाकडे पाहिले. पट्टा तिथे इतकी वर्षे होता की खालची कातडी पांढरी पडली होती.

"टिपणीस, परीक्षकाचं अंतर साठच्या वर गेलं तर काय होतं?"

"त्याची निदानं स्थगित. गोसावींचं झालं तसं. पण तुम्ही कुणाशी मारामारी…" मग त्यांना समजले. "मॅडम, अशानं तुम्हीच शंभरात जाल."

"पट्टा नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर शंभर. तुमच्याच यंत्राचा नियम आहे."

"उद्या ते तुम्हालाच बसवायला सांगतील."

"सांगू देत. उद्या माझ्या मनात किती उसळी आहे ते त्यांनाही कळेल."

खटका जुना होता आणि त्यांची नखे लहान. तो उघडेना. दोनदा बोट निसटले. उल्का पुढे आली, तिने न विचारता त्यांचे मनगट धरले आणि अंगठ्याने खटका खालून दाबला. "वरून नाही उघडत," ती म्हणाली. "मी दातानं ओढून ओढून शिकले."

पट्टा सुटला. हुद्दारबाईंनी तो उरलेल्या चहाच्या पेल्यात टाकला. तो बुडताना वाजू लागला: जागेवर जा, जागेवर जा.

पडद्यावरून राखाडी आकृती गेली. तिथे एक ओळ उमटली. परीक्षक वत्सला हुद्दार, अंतर शंभर. त्याखाली नावे सरकू लागली, स्थगित, स्थगित, स्थगित, आणि प्रत्येक नावापुढचा हिरवा ठिपका विझत गेला. त्यांच्याकडे सहीला आलेली उल्काची फाइलही फेरतपासणीपर्यंत थांबली. शेट्ट्यांच्या मुलाचे नाव आले आणि गेले. आत्याने ते वाचले असावे, कारण ती पटकन उठली आणि तिने डबा पिशवीत भरला.

"त्याच्या घरी जाते मी," ती म्हणाली. "आता रडंल त्यो. घरात कुणीतरी पाहिजे."

टिपणीस आपल्या पट्ट्याकडे बघत होते. ते परीक्षक नव्हते. त्यांनी तो काढल्याने एकही निदान स्थगित होणार नव्हते, हे त्यांना कुणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते. त्यांनी उल्कापुढे हात केला. "खालून दाबायचं ना?"

केंद्रातले फोन वाजू लागले. जिन्यावर पावले धावली.

"त्यातली काही मुलं आता मारतील," उल्का म्हणाली. ती घाबरलेली दिसत होती. यंत्रापुढे ती घाबरली नव्हती. "खरंच वाईट असणारी पण त्यात असतील ना?"

"असतील. त्यांच्या घरी जावं लागेल, पूर्वीसारखं. एकेकाच्या. मला जमेल की नाही, माहीत नाही." डॉ. हुद्दार यांनी पांढरे मनगट चोळले. "तू मंगळवारी ये. वेणीचं बोलायचं आहे."

"तुम्हाला इथं ठेवतील तोवर?"

"नाही ठेवलं तर माझ्या घरी ये."

दार वाजले. बाहेरून कुणीतरी अधिकाराच्या आवाजात सांगितले की सगळ्यांनी आहे त्या जागेवर बसून राहावे.

उल्काने कोपऱ्यातले स्टूल उचलले आणि हुद्दारबाईंकडे पाहिले.

"ते ठेव खाली," त्या म्हणाल्या. "वायू नाही इथं. आज दार मी उघडते."