नव्या खोक्यातली जोडी

"ही ऐकीव गोष्ट नव्हे," रंगराव म्हणाले. सदाशिव पेठेतल्या इमारतीच्या गच्चीवर अंधार दाटला होता. त्यांचा पुतण्या शुभंकर आणि पुतणी पूर्णिमा सतरंजीवर जरा जवळ सरकली. "आपल्या खालच्या मजल्यावर रामदास राहतो ना, त्याच्यावर गुदरलेला प्रसंग आहे. गेल्या वर्षीची मार्गशीर्ष वद्य सप्तमी. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचं, मंदाकिनीवहिनींचं वर्षश्राद्ध होतं."

त्या दिवशी रामदास बाहेर पडला तो अगदी साध्या कामासाठी. त्याच्याकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, जुना अँप्लिफायर होता, आणि मंदाकिनीने तरुणपणी गायलेल्या भूपाळीची एकुलती एक टेप. जेवणाची पाने उठली की ती भूपाळी सर्वांना ऐकवायची, असे त्याने मनाशी ठरवले होते. परंतु व्हॉल्व्ह थकले होते. वहिनींचा सूर लागायचा आणि त्यावर तव्यावर पाणी पडल्यासारखी खरखर चढायची.

"मग मोबाईलवर रेकॉर्ड करून क्लीन का नाही केलं, काका?" शुभंकरने विचारले.

"विचारलंस ना? आता ऐक."

बुधवार पेठेत संभाजीचे दुकान होते. संभाजी म्हणजे रामदासचा कॉलेजातला बाकसोबती. त्याने कोऱ्या खोक्यातून व्हॉल्व्हची जोडी काढून काउंटरवर ठेवली.

"नवे आहेत ना?" रामदासने विचारले.

"शंका असेल तर मोबाईलवर गाणी ऐक. त्यात व्हॉल्व्ह नसतात, मैत्रीही नसते."

"तसं नव्हे रे. उद्या तिचं वर्षश्राद्ध आहे."

संभाजी गंभीर झाला. "वहिनींची शपथ, रामदास. हे व्हॉल्व्ह आजवर कुठल्याही यंत्रात बसलेले नाहीत."

या शपथेनंतर विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते.

रात्री अकराच्या सुमारास रामदासने जोडी बसवली. काचेच्या आत तांबूस उजेड उमलला. खरखर नाहीशी झाली. भूपाळी सुरू झाली, आणि मंदाकिनी जणू शेजारच्या खोलीत वेणी घालता घालता गात होती. रामदासच्या डोळ्यांना धार लागली.

कडवे संपले. तिने श्वास घेतला.

टक्.

रामदासने कपाळाला आठी घातली. व्हॉल्व्ह सदोष असला की त्याच्या काचेवर पेन्सिलीने हलकेच ठोकतात. ठोका स्पीकरमधून ऐकू आला, तर दोष तिथेच. त्याने पेन्सिल घेतली. डाव्या व्हॉल्व्हवर दोनदा ठोकले. काही नाही. उजव्यावर दोनदा ठोकले.

टक्, टक्. स्पीकर बोलला.

"सापडलास," रामदास पुटपुटला.

टक्... टक्... टक्...

पेन्सिल हवेत होती.

त्याने टेप थांबवली. चकत्या थांबल्या. ठोके थांबले नाहीत. त्याने आवाजाचे बटण पार खाली आणले. ठोके तसेच. सावकाश. कुणीतरी दमून, पण आशेने, हाक मारत असावे तसे...

त्याने संभाजीला फोन लावला.

"संभाजी, हे व्हॉल्व्ह कुणाचे?"

"नवे आहेत म्हणून सांगितलं ना?"

"तिची शपथ घेतली होतीस."

मग संभाजीचा आवाज आला, पण त्यात दुकानातली थट्टा नव्हती. "मांजरी गावच्या गेनबांचे. भजनासाठी त्यांनी हौसेनं अँप्लिफायर घेतला होता. मी पुसून खोक्यात घातले. तुला कळणार नाही असं वाटलं."

"गेनबा कसे गेले?"

"अर्धांगवायू. वाचा गेली होती. काही हवं असलं की खाटेच्या कडेवर बोटानं ठोकायचे."

"शेवटी जवळ कोण होतं?"

"मीच होतो. अँप्लिफायर वाजवून पाहायला गेलो होतो. ते ठोकायला लागले. सून आतून ओरडली, 'म्हाताऱ्याचं रोजचंच हाय, तुमी वाजवून बगा.' मग मी..."

"मग तू काय केलंस?"

"आवाज वाढवला."

ज्याच्या हातून रामदासने मंदाकिनीचा सूर आणला होता, त्याच हाताने एका माणसाची शेवटची हाक बुडवली होती. आणि वर तिचीच शपथ.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आले. स्पीकर गप्प होता.

"रामदास," फोनवर संभाजी कुजबुजला. "तू ठोकतोयस का?"

"नाही."

"मग माझ्या दाराशी..."

फोन बंद झाला.

"गेला?" पूर्णिमाने विचारले.

"नाही, जिवंत आहे. पण दुकान उघडत नाही. आणि घराच्या दाराला आतून गादी बांधून ठेवली आहे म्हणतात."

वर्षश्राद्धाला रामदासने जुनेच व्हॉल्व्ह लावले. खरखरीतून जेवढी ऐकू आली तेवढी भूपाळी सर्वांनी हात जोडून ऐकली. संभाजीसाठी मांडलेले पान तसेच राहिले.

"पाहुणे गेल्यावर त्यानं मला खाली बोलावलं," रंगराव म्हणाले. "ती जोडी माझ्या हातात दिली. उजव्या व्हॉल्व्हच्या काचेवर बोटाचा ठसा होता. मी धोतराच्या सोग्यानं पुसला. निघाला नाही. पाणी लावलं. निघाला नाही."

त्यांनी बोट धोतराला पुसले.

"काच कुठंही तडकलेली नव्हती. आत हवेलासुद्धा शिरायला जागा नसते..."

खालच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

"ठसा आतल्या बाजूनं होता."