पाच दिवस ढिला लगाम

हेमलताबाई बोरकुट्यांची नखं गेल्या पाच वर्षांत जुईने फक्त चारदा कापली होती. ‘लगाम’ या औषधावर असलेल्या माणसाची नखं वाढली न वाढल्यासारखीच असतात, केसांचंही तेच, आणि फुप्फुसातली गाठही जागची हलत नाही. एकट्या बल्लारपुरात अशी साठ-सत्तर माणसं होती. गाव त्यांना ‘लगामी’ म्हणे. बसमध्ये लोक त्यांना उठून जागा देत, पण कालच्या गोष्टीवरून बोलणं सुरू करत नसत. कारण रात्री झोपलेल्या लगामी माणसाला सकाळी काल आठवत नसे.

जुई रोज सकाळी आईसमोर बसून तीच चार वाक्यं म्हणायची. “आई, तुझा कॅन्सर थांबलाय. पाच वर्षं झाली. औषधामुळे तुला नवं काही लक्षात राहत नाही. घाबरू नको.” सुरुवातीला तिचा आवाज कापायचा. आता नळ सोडावा तशी वाक्यं यायची आणि संपायची.

त्या हिवाळ्यात पाचवं वाक्य आलं. “बाबांना दवाखान्यात ठेवलंय.”

वडिलांची, प्रमोदरावांची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. हेमलताबाई ऐकून रोज नव्याने हादरत, घाईने लुगडं बदलून दवाखाना गाठत आणि खाटेजवळ उभं राहून म्हणत, “अगं बाई, एवढे काहून वाळले तुम्ही?” प्रमोदरावही रोज हसत. “तुझ्या हातचं जेवण सुटलं ना,” एवढंच म्हणत. तिसऱ्या आठवड्यात त्यांना हसायलाही श्वास पुरेना.

तेव्हा डॉ. सबा काझींनी मायलेकींना आपल्या खोलीत बोलावलं. लगामाचे पेशंट त्याच पाहत. हेमलताबाईंनी सरळच विचारलं, “डॉक्टर, मले नीट सांगा. हे औषध करते तरी काय?”

बावीस वर्षं शाळेच्या मुलांसाठी चुलीवर खिचडी रांधलेल्या बाईला डॉक्टरांनी तिच्याच भाषेत सांगितलं. “मावशी, शरीराच्या प्रत्येक पेशीत लाखो आचारी असतात. जनुकांच्या पोथीतून चिठ्ठी उतरून येते, आणि तिच्यावर लिहिलेलं प्रथिन आचारी तयार करतात. पंगत उठली की ‘थांबा’ सांगणारी एक कळ असते. तुमच्या गाठीत ती कळच बिघडली. जेवणाऱ्याचा पत्ता नाही, आणि चुली धडधडताहेत. म्हणून तुमच्या गळ्याच्या हाडाखाली आम्ही ही कुपी बसवली. तिच्यातलं औषध आचाऱ्यांना लगाम घालतं. जीव तगण्यापुरतं रोजचं तयार होतं. जादाचं काही नाही.”

“अन् डोस्क्याचं?”

“आठवण टिकवायला मेंदूलाही जादाचं, ताजं प्रथिन लागतं. तोवर ती ओल्या मातीसारखी असते. तुमच्याकडे ती भाजलीच जात नाही.”

हेमलताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “म्हणजे हे जातीन, अन् मी दुसऱ्या दिवशी ह्याईची वाट पाहत बसीन?”

डॉक्टर म्हणाल्या, “पाच दिवस लगाम ढिला करता येतो. त्या पाच दिवसांतलं तुम्हांला कायम आठवेल. पण गाठही जागी होईल. हे एकदाच जमतं. दुसऱ्यांदा ढिला केला, तर ती परत आवरत नाही.”

“आई, कशाला?” जुई म्हणाली. “त्रासच होईल.”

“चाळीस वर्षं संसार केला मी. मेलेल्या माणसाची वाट पाहू का? ढिला करा, डॉक्टर.”

जुईने पुढे वाद घातला नाही. ‘बाबा गेले’ हे सहावं वाक्य आपल्याला जन्मभर रोज म्हणावं लागेल, हे तिला दिसत होतं. तिने कागदावर सही केली.

प्रमोदराव तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. हेमलताबाई शेवटपर्यंत त्यांचा हात धरून होत्या. पाचव्या दिवशी वर्धा नदीच्या काठावर त्यांनी स्वतः राख सावडली. अस्थी वेचताना त्या पहिल्यांदा रडल्या, ते थेट घरी येईपर्यंत. संध्याकाळी डॉक्टरांनी लगाम पुन्हा आवळला. गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी वाढली होती, पण थांबली.

सहाव्या सकाळी जुई सवयीने तोंड उघडणार, तोच आई उठून बसली. “काल ह्याईची राख सावडली ना वं?” दोघी गळ्यात पडून रडल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा जुईला आई मिळाल्यासारखं वाटलं.

सातव्या सकाळी आई उठून बसली. “काल ह्याईची राख सावडली ना वं?” जुई पुन्हा रडली. आठव्या दिवशीही. विसाव्या दिवशी तिने नुसती मान हलवली.

दोन महिन्यांनी ती एकटीच डॉ. काझींकडे गेली. “आईचं दुःख कमी का होत नाही? माझं झालं. आता जेवण जातं, झोप लागते.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दुःख आपोआप पुसलं जात नाही, जुई. रोज थोड्या नव्या आठवणी त्याच्यावर चढतात. गेलेल्या माणसाशिवायची सकाळ, त्याच्याशिवायचा सण. मेंदू तेही शिकतो, आणि शिकायला ताजं प्रथिन लागतं. सावरणं म्हणजेसुद्धा नवी आठवण असते. माझ्या ते आधी लक्षात यायला हवं होतं.”

“मग आता?”

“गाठ स्थिर आहे. हृदय उत्तम आहे. वीस वर्षं सहज काढतील.”

जुईने मान हलवली आणि बस धरून घरी आली.

वर्षश्राद्ध झालं, त्यालाही तीन महिने होऊन गेले. एका रविवारी मैत्रिणीचा फोन आला, आणि तिच्या कसल्याशा बोलण्यावर जुईला खळखळून हसू फुटलं. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. रडून घोगरा झालेला, पण रागावलेला नाही, फक्त चकित.

“जुई, कालच तर राख सावडली वं तुह्या बापाची. अन् तू हासतेस?”

जुईने फोन ठेवला. ती आत जाऊन आईशेजारी बसली. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटू लागली. “रड, बाई. रडून घे. मन मोकळं होते.”

जुईने डोळे घट्ट मिटले. बराच वेळ प्रयत्न केला. काहीच आलं नाही. मग तिने रडल्यासारखे खांदे हलवायला सुरुवात केली.