चार दिवस उशिरा आलेलं सिमेंट

पुष्पलता खासगी गुप्तहेर कृष्णकांतच्या सक्करदऱ्यातल्या दोन खोल्यांत आली तेव्हा तो चहा गाळत होता. त्याचे सोबती, निवृत्त हवालदार चंपतराव, पेपर वाचत होते. रडवेल्या पोरी चंपतरावांना बघवत नसत. त्यांनी चटकन खुर्ची पुढे केली.

"मी काही बदलवलं नाही जी," ती म्हणाली.

हकीकत १९८६ची. मधुकररावांच्या बांधकाम कंपनीत नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि तो चालवणारी ही एकटीच. कन्हानला गोदाम बांधत होते. सोमवारी, सहा जानेवारीला सुरू करून एकामागून एक चार कामं, मग स्लॅबचं सिमेंट. मशीनने दिलेल्या तारखेला, सात फेब्रुवारीला, सिमेंट आलं. मजूर मात्र तीन तारखेपासून हातावर हात ठेवून बसलेले. कोणाच्या तरी सांगण्यावरून हिनेच तारखा फिरवल्या, असं मधुकररावांनी भर ऑफिसात सुनावलं. उद्या तिला काढणार होते. वडिलांचा हातमाग बंद पडल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं.

"तारखा तुम्हीच टाकता?" कृष्णकांतने विचारलं.

"फक्त सुरुवातीची. पुढं मुकादमाच्या चिठ्ठीतले दिवस टाकते. संपायची तारीख मशीनच काढते. रविवारबी धरते."

दुपारी दोघे कन्हानला पोचले. मुकादम मारोतरावांच्या चिठ्ठीवर चारही कामांपुढे 'आठ दिवस' लिहिलेलं होतं. कामं ठरल्या दिवशीच उरकली, आपला अंदाज कधी चुकत नाही, असं ते छातीठोक सांगत होते. चंपतरावांना मारोतरावांमध्येच चोर सापडल्यासारखं वाटलं. कृष्णकांत मात्र त्यांच्या घरची चौकशी करत बसला.

"घर सावनेरले हाय," मारोतराव म्हणाले. "दर आठ दिवसांनी जातो. रविवारी रविवारी."

संध्याकाळी मधुकररावांच्या केबिनमध्ये पुष्पलतालाही बोलावून कृष्णकांतने मशीनमधले आकडे पडताळले. चिठ्ठीत आठ, मशीनमध्येही आठ. मशीनला हात लावायचीच आपल्याला भीती वाटते, हे मधुकररावांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

"चंपतराव, मारोतराव या रविवारी घरी गेले, तर आठ दिवसांनी कोणता वार?"

"रविवार. त्यात विचारायचं काय?"

"मोजा."

चंपतरावांनी बोटांवर मोजलं. सातच भरले. त्यांनी पुन्हा मोजलं.

"आपण आठवड्याला आठ दिवस म्हणतो आणि सगळ्यांना ते कळतं," कृष्णकांत म्हणाला. "मारोतरावांनी चार आठवडे सांगितले. सहा जानेवारीपासून ते दोन फेब्रुवारीला भरतात, म्हणजे तीनला सिमेंट हवं होतं. मशीनला आपली बोली ठाऊक नाही. तिने चोख बत्तीस दिवस मोजले आणि सात फेब्रुवारी काढली. चार कामं, प्रत्येकात एक दिवस जास्त. यात खोटं कोणीच बोललं नाही."

मधुकरराव चिठ्ठी परत करून पुष्पलताकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "पुष्पलता, उद्या नेहमीसारख्या या."

ती जागची हलली नाही.

"सर, तुम्ही मले भर ऑफिसात बोलले होते. आताबी तिथंच बोला."

मधुकरराव उठले, केबिनचं दार उघडलं आणि घरी निघालेल्या सगळ्यांना थांबायला सांगितलं.