पेपिता पुढे का जाईना?

"ढकल!" दोर ओढत ओरिन ओरडला.

"ढकलतेच आहे! ही गाढवीण आहे की डोंगर?" मागून मारिसोल धापा टाकत म्हणाली.

पेपिताने कान पाडले, चारही पाय रोवले. खोगिराला बांधलेली कुदळ, फावडं आणि सोनं चाळायची परात खणखणली, एवढंच!

उद्या बेल क्रीक गावची गाढव-शर्यत. जुन्या खाणकामगारांसारखं गाढवाशेजारून पळायचं. पाठीवर बसायचं नाही आणि दोर सोडायचा नाही.

तेवढ्यात शर्यतीचे प्रमुख, ओरिनचे ग्रेडीकाका आले. "पुन्हा अडली? एवढी छान नवी वाट काढली मी! उद्याही अशीच थांबली तर विकून टाकीन हिला!"

काका तरातरा निघून गेले. ओरिनचा चेहरा उतरला. चालायला शिकला तोच तो पेपिताची शेपटी धरून.

"रोज इथेच," मारिसोल पुटपुटली. "आळशी असती तर चढावर थांबली असती. इथे तर सपाट आहे!"

ती धावत जाऊन आपलं गाढव, बिस्किट, घेऊन आली. गाजरामागे बिस्किट कुठेही जायचा. तोही त्याच जागी थांबला, हुंगला आणि मागे सरला.

"बिस्किटने गाजर सोडलं? मग नक्कीच काहीतरी आहे!"

दोघं नव्या वाटेवर टाकलेल्या खडीच्या कडेशी पालथी झोपली. जुलैचं ऊन पाठ भाजत होतं, पण दगडांच्या फटींतून तोंडावर गार वारा येत होता! ओरिनने मोठा धोंडा पुढे फेकला. ढब्ब!

"पोकळ! खाली जुनी खाण आहे!"

दोघांनी काकांना ओढतच आणलं. काका हसले. "अरे, खडी मीच टाकलीय. खाली आधीपासूनच जाड फळ्या आहेत."

"फळ्यांखाली काय आहे, पाहिलंत?" मारिसोलने विचारलं.

"वेळ कुणाला होता? दे तो दोर! गाढव कसं चालवतात ते बघ."

"काका, नका जाऊ!" ओरिन आडवा आला. काकांनी त्याला बाजूला सारलं.

मारिसोलला काकांचा स्वभाव ठाऊक होता. ती पटकन म्हणाली, "माजी विजेते तुम्ही! तुमच्याच हातातून दोर सुटला तर गाव हसेल हं!"

"माझ्या हातातून?" काकांनी दोर मनगटाला घट्ट गुंडाळला आणि पाऊल टाकलं.

कडाड्! काका छातीपर्यंत आत! खाली घरंगळणाऱ्या खडीचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

"पेपिता, मागे! मागे!" ओरिन ओरडला.

पुढे एक पाऊल न टाकणारी पेपिता सारा भार देऊन मागे रेलली. मुलांनीही दोर धरला. धुळीने माखलेले काका सरपटत काठावर आले. मग त्यांनी पेपिताच्या मानेला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी शर्यत जुन्या वाटेनेच झाली. हात गळ्यात बांधलेले काका सगळ्यांसमोर म्हणाले, "मी घाई केली. डोकं चालवलं ते या दोघांनी आणि पेपिताने! ती आता कुठेही जाणार नाही. शाबास, पोरांनो!"

टाळ्या थांबेनात.

ओरिन आणि पेपिता शेवटून दुसरे आले. अंतिम रेषेपाशी पेपिता थबकली. मान खाली घालून तिने पांढरा पट्टा हुंगला.

"ओढ तिला! ओढ!" लोक ओरडले.

"खबरदार!" ग्रेडीकाका गर्जले. "कुणी ओढायचं नाही! आधी खाली काय आहे ते बघा!"