दुसरा सूर

पाचगणीच्या एका बंगल्यातला पियानो साताऱ्याला पोचवायचं काम माझ्याकडे आलं, ते १९४६ च्या श्रावणात. साहेब विलायतेला निघाला होता. पलटणीतून सुटून आल्यावर मी बैलगाडी हाकत होतो. भाडं मिळालं की झालं, सामान कुणाचं का असेना.

त्याच बंगल्यात स्वयंपाक करणारी राहीबाई नातवाला घेऊन गाडीत बसली. पोर तीन वर्षांचं, पण तोंडातून शब्द नाही. साताऱ्याच्या डॉक्टरला दाखवायचं होतं. त्याचा बाप आप्पासो माझाच सोबती, इटलीत लढाईत पडला. आई बाळंतपणातच गेलेली. लेकाची बातमी आल्यापासून राहीबाईही कामापुरतंच बोलायची. मग पोर बोलायला शिकणार तरी कुणाकडून?

पसरणीच्या घाटात भरदुपारी धुकं उतरलं. बैलांची शिंगंही दिसेनात. ओल्या ताडपत्रीचा वास येत होता, आणि खड्डा आला की पियानोच्या तारा आत घुमायच्या. मला त्याचं काही वाटलं नाही. पण एका वळणावर बैल आपणहून थांबले, गाडी थांबली, आणि तारा काही थांबल्या नाहीत.

एकेक सूर येऊ लागला. सावकाश, कुणी एका बोटानं चाचपत वाजवावं तसा... राहीबाईनं माझा दंड घट्ट धरला.

"जोतीराम... ही माजी अंगाई हाय रं."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इटलीत एका पडक्या घरात असाच पियानो होता. आप्पासो एका बोटानं हीच अंगाई वाजवायचा, आणि शेवटचा सूर दोनदा. मी चेष्टा केली की म्हणायचा, "पयला आयचा, दुसरा माजा." हे मी गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. राहीबाईसमोर त्याचं नाव काढायचाच धीर व्हायचा नाही.

"कोन वाजवतंय रं?"

"आवं मावशी... झाकण बंद हाय. दोर मीच आवळलाय."

तिनं माझा दंड सोडून पोराला जवळ ओढलं. आणि ती गाऊ लागली. आधी नुसताच घोगरा श्वास, मग आवाज फुटला. मांडीवरचं पोर डोळे विस्फारून तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. शेवटचा सूर एकदा वाजला. मी श्वास रोखून दुसऱ्याची वाट बघत होतो.

तो आला नाही.

पोरानंच तो गुणगुणला. मग आजीच्या गालाला हात लावून, जन्मात पहिल्यांदा, ते बोललं.

"दुसरा माजा."